छत्रीवरचा पत्ता

पेला रिकामा झाला आणि आकाराम सुताराचा उजवा हात थरथरायचा थांबला. एवढ्यासाठीच तर तो गुत्त्यात शिरला होता. चार वाजता जयसिंगपूरचे पावणे त्याच्या लेकीला, आक्काला, बघायला येणार होते. त्यांच्यासमोर हातातली कपबशी वाजली असती, तर वेगळं काही सांगायलाच नको होतं. दुसरा पेला घ्यायचा नाही असं त्यानं घरातून निघतानाच ठरवलं होतं, आणि नवल म्हणजे घेतलाही नाही. पायाशी पिशवीत लिंबं होती, कोथिंबीर होती. घरी पोहे त्या लिंबा-कोथिंबिरीसाठीच अडले होते.

पिशवी उचलून त्यानं दारावरच्या गोणपाटाला हात घातला, आणि बाहेरचा आवाज ऐकून तसाच थांबला.

"काडी मोडलीया बघा चाचा. एसटीतनं उतरलो आन् वाऱ्यानं छत्री उलटीच केली."

गुत्त्याच्या वळचणीला मीरासाब पावसाळाभर छत्र्या दुरुस्त करत बसायचा. स्वतः थेंबाला शिवत नसे, पण आत जाणाऱ्यांच्या ओल्या छत्र्या त्याच्याच मागच्या खिळ्यांना टांगलेल्या असत. आकारामनं फटीतून पाहिलं. मीरासाबसमोर मुलाचे वडील गणपतराव उभे होते, आणि त्यांच्या मागं धाकटे भाऊ हंबीरराव धोतराचा सोगा पिळत होते. ठरल्यापेक्षा एक गाडी आधीच आले होते दोघं.

गेल्या महिन्यात आकाराम यांच्याच सोप्यात बसून चहा पिऊन आला होता. गणपतरावांनी तेव्हा एकच गोष्ट विचारली होती. "घरात पिणारं कोण न्हाय न्हवं?" आणि तो "न्हाय की" म्हणून बसला होता. आक्काची आधीची दोन स्थळं नेमकी याच गोष्टीवरून मोडली होती. तेविसावं सरत आलं होतं पोरीचं.

त्यानं मागचं दार उघडून पाहिलं. नाल्याचं लाल पाणी वरच्या पायरीला लागलं होतं.

"सुतार, बस की खाली," कोपऱ्यातला ज्ञानू हमाल म्हणाला. "ह्यो पाऊस काय आज थांबत न्हाय."

"गप रं!" आकाराम दबक्या आवाजात खेकसला आणि पुन्हा पडद्याशी आला.

तेवढ्यात गणपतरावांची नजर खिळ्याकडं गेली. तिथं आकारामची छत्री निथळत होती, आणि काळ्या कापडावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं : आकाराम गो. सुतार, शाहूपुरी, तिसरी गल्ली, पिठाच्या गिरणीजवळ. अक्षर आक्काचं. दोन पावसाळ्यांत आबांनी चार छत्र्या हरवल्यावर, यंदा नवी छत्री आणली त्याच दिवशी ती रंगाचा डबा घेऊन बसली होती. "तुमचा काय भरवसा न्हाय आबा," ती म्हणाली होती, "पर छत्री तरी घरला येऊ दे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं होतं.

"आकाराम सुतार?" गणपतराव मोठ्यानं म्हणाले. "आरं, हे तर आमचंच पावणं की! ह्यांची छत्री हितं कशी?"

आणि त्यांनी पडद्याकडं पाहिलं. आकारामनं श्वास रोखला. सोडला तर वास बाहेर जाईल अशी त्याला भीती वाटली.

मीरासाबनं मान वर केली नाही. दातानं दोरा तोडत तो म्हणाला, "दुरुस्तीला टाकलीया सकाळी. शिलाई सुटलीती. झाली आता."

आकारामला वाटलं, बाहेर जाऊन या माणसाचे पाय धरावेत.

"झाली न्हवं? मग आना हिकडं," गणपतराव म्हणाले. "आमी त्यांच्याकडंच निघालोय. आमची ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, माघारी जाताना न्हेतो."

मीरासाबचा हात थांबला. "येतील की त्येच न्ह्यायला... तुमी कशाला..."

"आवो, सोयरं हुनार आमी. येवढं बी करू न्हाय व्हय?"

मीरासाबनं एकदा पडद्याकडं बघितलं. सकाळपासून दुरुस्तीला पडलेली छत्री, दुरुस्तही झालेली. आता द्यायची नाही म्हणून सांगणार तरी काय? त्यानं ती खिळ्यावरून काढली आणि दिली.

"मानूस नीटनेटका दिसतोय," जाता जाता हंबीरराव म्हणाले. "येवढीशी शिलाई सुटली तर दुरुस्तीला टाकलीया."

ते रस्ता ओलांडून गेल्यावर आकाराम पडदा सारून बाहेर आला. घराकडं जाणारा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर एका छत्रीत दोघं, डबकी चुकवत, सावकाश चालले होते. त्यांना ओलांडून पुढं जाता येत नव्हतं आणि मागोमाग घरात शिरता येत नव्हतं.

"मी आपलं तुला वाचवाय गेलो रं," मीरासाब म्हणाला.

आकारामनं पिशवीतलं एक लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि सालीसकट चावलं. मग दुसरं. डोळ्यांत पाणी आलं. वास काही जाईना. हात मात्र अगदी स्थिर होता.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पावणे घुटमळले. गणपतरावांनी छत्री डोक्यावरून खाली घेतली, भर पावसात भिजत वरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि गिरणीच्या बाजूला बरोबर वळले.