बाल्कनीसमोरचे पत्रे

हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या मी सोसायटीचे सेक्रेटरी पद्माकरकाका यांना फोन लावला. "काका, माझ्या बाल्कनीसमोरचे ते उंच पत्रे काढून टाका."

"काय यार, वल्लरी! शेजारच्या जुन्या हवेलीतलं खानांचं खानदानी कब्रस्तान दिसतं, माझं बाळ काय रोज कबरी बघणार का, म्हणून तूच घरोघर सह्या घेत फिरलीस. दिवस गेलेत म्हणून तुला कुणी नाही म्हटलं नाही. म्हातारे खानसाहेब हात जोडत होते, कबरींवरचं ऊन जाईल म्हणून. आणि आता बाळ घरी आल्यावर पत्रे काढू?"

"बाळ घरी आलं नाही, काका."



तान्ह्या जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. काल माझा नवरा विक्रांत त्याला कुशीत घेऊन गुरुग्रामभर हातभर जमीन शोधत फिरला. शेवटी हवेलीचं दार खानसाहेबांनी उघडलं, आणि आमच्या भिंतीलगतची जागाही त्यांनीच दाखवली.

"यहीं सुलाओ, बेटा," ते विक्रांतला म्हणाले, "कभी टीन हटेगी, तो माँ को ऊपर से दिखता रहेगा."