मदत करायची नाही

“आणि तक्रार कुठं करायची, मॅडम?” महानंदानं विचारलं.

आसावरीनं नुसतं हसून लॅपटॉपकडे हात केला. वेबसाइटच्या चाचणीचा नियमच तसा होता. आलेल्या माणसानं शोधायचं आणि मेनू बनवणाऱ्यानं गप्प बसून बघायचं. समोरचा अडला तरी वाट दाखवायची नाही. काचेपलीकडे तिचा मॅनेजर शुभंकर बसला होता. त्याला आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

डेकेअरची ही नवी वेबसाइट आसावरीनंच आखली होती. आज तिथल्याच एका पालकाला कोरमंगलाच्या ऑफिसात बोलावलं होतं. महानंदा मूळची निपाणीकडची, इथं बँकेत कामाला. फी, सुट्ट्या, जेवणाचा तक्ता, जे सांगितलं ते तिला पटापट सापडलं. तक्रारीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते तिचं तीच शोधायला लागली होती.

“फोटो इथं... बस इथं... ह्यात नाही की हो.” तिचं बोट वरखाली फिरत होतं. “आमचा पोरगा दुपारी कधी डोळा मिटायचा नाही. आता तिथनं आला की पेंगतच असतो. जेवताना मान टाकतोय. काही पाजतात की काय, असं वाटायलंय. तिथल्या अक्काला विचारलं, तर म्हणाली, वेबसाइटवर घाला.”

आसावरीचं पेन थांबलं.

फोनवर शुभंकरचा मेसेज आला : ‘सांगू नकोस. हेच तर बघायचंय.’

मेनूत ‘तक्रार’ दिसली की नवे पालक बिचकतात, असं डेकेअरवाल्यांचं म्हणणं. म्हणून तिनं तो शब्द उचलून ‘आमचा परिवार’च्या अगदी तळाशी, ‘मन मोकळं करा’च्या आत नेऊन ठेवला होता. ‘मन मोकळं करा’ हे तिलाच सुचलं होतं. सगळ्यांना आवडलंही होतं.

महानंदाचं बोट ‘आमचा परिवार’वर आलं. खाली जा, अजून खाली, आसावरी मनातल्या मनात म्हणाली. पडद्यावर हसऱ्या बायकांचे फोटो आले. महानंदा मागं फिरली.

“तुम्हाला लेकरं आहेत, मॅडम?”

“मुलगी आहे, सिद्धी. अडीच वर्षांची.”

“मग तिला कुठं ठेवता?”

आसावरीनं काचेकडे पाहिलं. मग समोरच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न वाचला. “वेबसाइट वापरायला कशी वाटली?”

“सोपी आहे की. चांगली केलीय.” महानंदा ओशाळून हसली आणि पर्स खांद्याला लावत उठली. “मलाच स्वल्प जमंना, बघा. तुमची काय चूक त्यात.”

ती गेली तसा शुभंकर आत आला. “मस्त झालं. बाई खूश आहे, आणि दोष स्वतःलाच देतेय. ‘सोपी आहे की’ रिपोर्टमध्ये सगळ्यात वर टाक.”

आसावरीनं मान हलवली. टेबलावरचा फोन पुन्हा उजळला. त्याच डेकेअरच्या इंदिरानगर शाखेतून रोज येणारा मेसेज होता : ‘सिद्धी आजही छान झोपली.’

तिनं फोटो मोठा केला. सिद्धीचं तोंड किंचित उघडं होतं, हात गादीवरून खाली लोंबत होता. तिच्या पलीकडची, त्यांच्याही पलीकडची, भिंतीपर्यंत सगळी मुलं तशीच शांत पडली होती.