भरतीचा कागद

गोमाजीनं छापलेला कागद सरळ पाण्याच्या ग्लासात बुडवला.

"अहो आजोबा!" दुकानदार गुरुदत्त खुर्चीतून उठलाच. कागदावर नमुन्याचा पोपट होता, हिरवागार. बघता बघता पोपटाचा रंग पाण्यात उतरला आणि खालची अक्षरंही फरफटत गेली. गोमाजीनं तो चोथा बाजूला ठेवला.

"हा नको. दुसरा दाव."

टेंभी नाक्याजवळच्या त्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला बँकेतले साहेब येत, सी.ए. येत. कोपरीचा सत्तरीचा कोळी, कॉलेजात जाणारी नात हेमा आणि दाराशी स्टुलावर टोपली घेऊन बसलेली म्हातारी चंद्रभागा, असं गिऱ्हाईक गुरुदत्तनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यात गोमाजीचा रुबाब नवरदेवाच्या मामासारखा. आजवर प्रिंटर म्हणून काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण आपल्याला कसला हवा हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

"महिन्याला किती पानं काढणार?" गुरुदत्तनं विचारलं.

"होडीमागं एक. वारा फिरला तर दोन."

गुरुदत्तला हसू आलं, पण दुकानदार म्हणून तो सरळ होता. "मग इंकजेट तसाही घेऊ नका. इतका कमी वापर असला की त्याची शाई सुकून बसते. लेझरमध्ये कोरडी पूड असते, महिनाभर पडून राहिली तरी काही होत नाही. रंग मात्र मिळणार नाही, फक्त काळं. आणि खरं सांगू? एका पानासाठी मशीन कशाला? बाहेर टाईप करून झेरॉक्स मारा."

"नाय. वारा फिरला का भरतीची वेल बदलते. तवा कागद घरच्या घरी निघाला पायजे. लेझर दाव."

कोपरीच्या कोळ्यांना भरतीची वेळ म्हणजे पोटाचा प्रश्न. पंचांगातली वेळ मुंबईची. ठाण्याच्या खाडीत पाणी उशिरा चढतं, आणि किती उशिरा ते तिथीवर, वाऱ्यावर, साचलेल्या गाळावर ठरतं. अर्धा तास चुकला की होडी गाळात रुतली आणि दिवस गेला. ही वेळ नेमकी सांगणारा माणूस म्हणजे गोमाजी. चाळीस वर्षं लोक त्याच्या ओट्याशी येऊन विचारत. तो आत जाई, तांब्याभर पाणी पिई, बाहेर येऊन वेळ सांगे आणि लोक जाळी उचलत.

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून तो आठ दिवस इस्पितळात होता. लोक तिथंही आले. सकाळी तो डोळे मिटून पडे, म्हणे, "दुपारी या." दुपारी चंद्रभागा डबा देऊन गेली की वेळ सांगे. आठही दिवस एक वेळ चुकली नाही. या वयात, या दुखण्यात काय डोकं आहे म्हाताऱ्याचं, म्हणून लोकांनी कौतुक केलं. पण घरी आल्यावर गोमाजीला एकच घोर लागला. आपल्यामागे हे लोक कुणाला विचारणार?

त्यातूनच महिन्याच्या वेळा छापून प्रत्येक होडीत एकेक कागद द्यायचं त्यानं ठरवलं. कोपरीत थट्टाही झाली. म्हाताऱ्याला मरायच्या आधी आपलं नाव छापून हवंय, असं लोक म्हणत. ते अगदीच खोटं वाटत नव्हतं, कारण हेमाला त्यानं दहा वेळा बजावलं होतं की खालचं नाव सगळ्यांत मोठं पाहिजे.

लेझरचा नमुना निघाला. गोमाजीनं तोही पाण्यात घातला, बाहेर काढला, अंगठ्यानं खसाखसा चोळला. कागदाचा लगदा व्हायला आला, पण अक्षरं जागची हलली नाहीत.

"हाच," गोमाजी म्हणाला. "आता आमचाच कागद काढ. बघू नाव कसा येतंय."

हेमानं घरच्या कॉम्प्युटरवर तयार करून आणलेली फ्लॉपी दिली. यंत्र घुमलं, कागद सरकत बाहेर आला. वर तिथी, पुढे वेळा आणि तळाशी ठळक ओळ. गुरुदत्तनं ती मोठ्यानं वाचली, "भरतीचा हिशेब सांगणारी, चंद्रभागा गोमाजी कोळी, कोपरी."

दाराशी बसलेल्या चंद्रभागेच्या हातातून टोपली सुटली.

"आजोबा, इथं नाव चुकलंय," गुरुदत्त म्हणाला.

गोमाजीनं कागद हातात घेतला. तो बायकोकडं बघत होता.

"अवो, काय केलाव ह्या?" चंद्रभागा उठून पुढं आली. "लोकं काय बोलतील? हसतील तुमाला."

"हसूं दे. तुज्या बापानं तुला शिकवला, मना नाय. आत तू सांगायचीस, भायेर मी बोलायचो. तवा बाईचा कोन ऐकत नव्हता. मी मेल्यावर पन नाय ऐकले तर होऱ्या रुततील गो. म्हनून मी जिता हाय तवाच त्यांना कलू दे, कोनाला विचारायचा."

चंद्रभागा पदर तोंडाला लावून रडायला लागली. हेमानं तिचा हात धरला. गुरुदत्तनं पुन्हा कामाचंच विचारलं, "मग नाव हेच ठेवायचं ना? चुकलेलं नाही ना?"

"चाळीस वर्सं चुकला होता," गोमाजी म्हणाला. "आज बराबर छापलाय."