दोन मुठी जावळ

धुरपदाकाकूंच्या टकळीला आज गती येत नव्हती. शेजारच्या म्हाळसाने तान्ह्या लेकाच्या घोंगडीसाठी कोकरांची पहिली कातरण, म्हणजे जावळ, कातायला दिलं होतं. अगदी सावरीसारखं मऊ. त्यातलं दोन मुठी काकूंनी परवाच कणगीमागे दडवलं आणि वजन भरायला म्हाताऱ्या मेंढीची राठ लोकर पिंजून त्यात मिसळली. सुनेला आठवा लागला होता, आणि यंदा त्यांच्या मेंढरांत एकही कोकरू तगलं नव्हतं.

तेवढ्यात बाळाला खांद्यावर टाकून म्हाळसाच दारात आली. तिने कातलेल्या लोकरीचा गुंडा कौतुकाने उचलून बाळाच्या गालाला लावला. बाळाने तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरलं. काकूंनी मान वर केली नाही.

"भूक लागली आसंल," म्हाळसा म्हणाली. "काकू, जावळ उरलं का वो काही?"

"न्हाई गं बाई. समदं ह्यातच गेलं," काकू घाईने बोलून गेल्या.

"आस्सं?" म्हाळसाने गुंडा जपून खाली ठेवला. "म्या मुद्दाम दोन मुठी जास्त टाकलं हुतं. म्हटलं, तुमच्या सुनंचं दिवस भरत आल्यात, तिच्या बाळालाबी टोपडं हुईल. ऱ्हाऊ द्या."

ती गेल्यावर काकूंनी कणगीमागचं बोचकं ओढून मांडीवर घेतलं. आता ते परतही देता येत नव्हतं आणि नातवाच्या डोक्यावरही चढवता येणार नव्हतं.