पाच भोकांचे चाक

चाकाला भोके पाच होती आणि आसाला बोल्ट चार. लेलंड ब्रूनने ती दोनदा मोजली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. त्याच्या नाराजीचा संख्येवर काही परिणाम झाला नाही.

शेडच्या मधोमध त्याचा ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. सांगाडा एका कंपनीचा, इंजिन दुसरीचे, गिअरबॉक्स तिसरीचा आणि बसायची खुर्ची एका मोडक्या बोटीतली. ऑक्टोबर अर्धा सरला होता. मॅडिसनचे जे जोडपे त्याचे घर घेणार होते, त्यांनी एकच अट घातली होती: पाच एकरांचे गवत कापायला चालता ट्रॅक्टर घरासोबत हवा, आणि तोही महिनाअखेरपर्यंत. नाहीतर व्यवहार मोडला. गेल्या हिवाळ्यात लेलंड बर्फावर घसरून दोन तास पायरीपाशी पडून होता, आणि शेवटी दिसला तो समोरच्या घरातल्या व्हर्नाला. तेव्हापासून ॲरिझोनातल्या मुलीने धोशा लावला होता. घर विकायचे आणि तिच्याकडे जायचे, हे ठरलेले होते. अडले होते ते या चाकापाशी.

त्याने चाक उचलले, रस्ता ओलांडला आणि ते व्हर्ना टॉलेफसनच्या ओसरीवर आदळले.

व्हर्नाचा नवरा वेंडेल दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिली ती सुट्या भागांनी भरलेली त्याची शेड. जूनपासून दर शनिवारी व्हर्ना त्यातला एकेक भाग लेलंडला देत होती. शेडमध्ये ती त्याला नेत नसे. भाग स्वतः ढकलगाडीवर घालून ओसरीत आणून ठेवी. गेलेल्या माणसाच्या शेडमध्ये बोलावल्याशिवाय जाणे त्या गावात शिष्टसंमत नव्हते, म्हणून लेलंडनेही कधी तो विषय काढला नव्हता.

"पाच भोकं," तो म्हणाला.

"मग? कमी पडली का?"

"एक जास्त आहे, व्हर्ना. वेंडेलकडे ट्रॅक्टर होते, की ट्रॅक्टरांचं अनाथालय?"

"दिसेल ते उचलून आणायचा. तुला जाब विचारायचा होता तर तो होता तेव्हा विचारायचास. आत ये, केक गार होतोय."

"मी केक खायला आलो नाही."

"मग उभ्याने खा."

त्याने बसूनच खाल्ला, दोन तुकडे.

"मागच्या आठवड्यातल्या पुलीचं काय झालं?" कॉफी ओतता ओतता तिने विचारले.

"भोक लहान होतं. तीन दिवस कानस मारत बसलो. पण बसली शेवटी."

कॉफी कपाबाहेर गेली. "बसली?"

"बसली म्हणजे बसवली. हात अजून शाबूत आहेत माझे."

"नाही, चांगलंच झालं की," व्हर्ना म्हणाली आणि फडके आणायला आत गेली. ते फडके तिला बराच वेळ सापडले नाही.

ती परतल्यावर लेलंडने आपला मुद्दा पद्धतशीर मांडला. नुसत्या योगायोगानेसुद्धा दहांपैकी दोन-तीन भाग एकमेकांना जुळायला हवेत. इथे एकही जुळत नाही. एवढी चूक करायची तर माणसाला आयुष्यभर साधना करावी लागेल.

"वेंडेल चिकाटीचा होता," व्हर्ना म्हणाली.

"मी स्वतः एकदा नजर टाकली असती तर..."

"मी बघते ना. शनिवारी ये. स्टिअरिंगचा एक दांडा आहे बहुतेक."

"बहुतेक."

"मुलीचा फोन येतो का?"

"रोज. तिकडे म्हणे जानेवारीत लोक अंगणात बसून जेवतात."

"मुंग्या होत असतील," व्हर्ना म्हणाली.

शनिवारी दांडा मिळाला. तो हवा त्यापेक्षा वीतभर लांब निघाला, आणि त्याचे आटेही उलटे. लेलंडने तो कोपऱ्यात, बाकीच्या निकामी भागांच्या ढिगावर ठेवला आणि मुकाट्याने दिवे मालवले. रागाच्या पलीकडे एक शांत पठार असते. तो तिथे पोहोचला होता.

आता एकच मार्ग उरला होता, आणि तो त्याला मुळीच आवडत नव्हता. दहा मैलांवर कुबियाकचे भंगाराचे आवार होते. एकोणीस वर्षांपूर्वी एका नांगराच्या फाळावरून लेलंडचे त्याच्याशी वाजले होते. आपले म्हणणे बरोबर होते याविषयी लेलंडला आजही शंका नव्हती, आणि त्या दिवसापासून त्याने त्या फाटकात पाऊल टाकले नव्हते. पण महिना संपायला आठ दिवस उरले होते. शुक्रवारी सकाळी त्याने अभिमान गिळला, वर काळी कॉफी ओतली आणि गाडी काढली.

आवारात शिरताच त्याला व्हर्नाची हिरवी पिकअप दिसली. बाई इथे कशाला आली असेल, असा विचार करीत तो टपरीकडे निघाला. पण आतून कुबियाकचा आवाज आला तसा जुन्या चाकांच्या राशीआड थांबला. एकोणीस वर्षांचा अबोला मोडायचाच होता, पण तो निदान शेजारणीदेखत नको.

"हे चाक घेऊन जा, बाई," कुबियाक म्हणत होता. "जूनपासून दर शुक्रवारी येताय, एकदा तरी माझं ऐका. तुम्ही सांगता त्या आसावर हे डोळे मिटून बसेल. दुपारपर्यंत चालू होईल त्याचा ट्रॅक्टर."

"म्हणूनच ते नको," व्हर्ना म्हणाली. "कशालाच बसणार नाही असं काहीतरी दे."