पंजाबरावांची पलटण

पंजाबरावांनी पंचवीस नवे शिपाई एका दमात टेबलावर उभे केले, तेव्हा उत्तमरावांचा हात पानाच्या डब्यातच राहिला.

लोणारात हा खेळ उत्तमरावांनीच आणला होता. मोठ्या लढाईच्या काळात ते एका छावणीत कारकून होते. तिथले साहेब टेबलावर वाळू पसरून बोटभर उंचीच्या शिपायांच्या लढाया लढत. घरी परतल्यावर उत्तमरावांनी तसंच टेबल करवून घेतलं, आणि लढायला शेजारचे जमीनदार पंजाबराव मिळाले. दर रविवारी दुपारी दोघं बसत. फूटपट्टीनं चाल मोजायची, फासे टाकायचे. ज्याचे शिपाई जास्त, त्याला फासे जास्त. अक्कल दोघांची सारखीच, त्यामुळे फरक पडे तो शिशाचा. एकानं दहा घोडेस्वार केले की दुसरा तोफ ओतवी. ओतणारा एकच, अब्दुल गनी कल्हईवाला. तो दोघांना एकमेकांची बातमी पुरवी आणि मजुरी दोघांकडून घेई. बैलजोडी घेताना महिनाभर घासाघीस करणारे हे दोघे त्याच्यापुढे मात्र भावाची गोष्ट काढत नसत. कमीपणा वाटे.

यंदा सीमेवर खरीच लढाई झाली आणि बाजारातून शिसं नाहीसं झालं. उत्तमरावांनी जालना, खामगाव पालथं घातलं. कुठं तोळाभर मिळालं नाही. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पंजाबरावांकडे ही पलटण. कुठून आणलं, असं विचारलं तर ते मिशीत हसत. अब्दुल गनीलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या हाती वितळवलेली वडीच आली होती. शिसं कडक हाये, नाकडोळे झकास उठतात, एवढंच तो सांगे.

पंजाबरावांच्या घरी त्या आठवड्यात आणखी एक नवल घडलं होतं. जन्मात स्वयंपाकघरात न डोकावलेल्या मालकांनी मंजुळाबाईकडे वाटीभर ज्वारी मागितली. निवडलेली, खडा नको. मंजुळाबाई म्हणजे त्यांच्या सालदाराची, जानरावची बायको. घरातलं झाडणं, निवडणं तिच्याकडे. मालक कबुतरं पाळून राह्यले वाटते, असं तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं, आणि दोघं हसले.

उत्तमरावांची डावी फळी कोसळत असतानाच जानराव दारात येऊन उभा राहिला. तळ्याकाठच्या शेतात ज्वारीची कणसं भरली होती आणि खालच्या रानातून डुकरं चढून येत होती. दुनाळी बंदुकीचा परवाना मालकाच्या नावाचा, राखण जानरावची. बंदूक खोपीत होती. पंचवीस काडतुसांची पेटी मालकाच्या कपाटात, कुलपात.

"आवाज काढला तरी पुरे हाये," पंजाबराव फासे खुळखुळवत म्हणाले. "आवाजानंच पयतात डुकरं."

"बाकीची पयतात, मालक. एक जखमी हाये. ते आवाजाले भीत नाही, आंगावर येते. त्याले जवळ येऊ देऊनच मारा लागते."

फासे पंजाबरावांच्या मुठीत थांबले. त्यांनी जानरावकडे पाहिलं, मग टेबलाकडे. पलीकडे उत्तमराव पानाचा चुना पुसत एकेक शब्द टिपत होते. आजची रात्र शेतात जाऊच नको, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यावर काऊन, कशासाठी, असं विचारणारा माणूस समोरच बसला होता. पंजाबरावांनी कनवटीची किल्ली काढून दिली. तीन घे, म्हणाले. अन् त्याले जवळ येऊ देऊ नको, हे मात्र दोनदा बजावलं. मालकाच्या या मायेचं जानरावला कौतुक वाटलं.

फासे पडले. उत्तमरावांचा सेनापती मेला.

सोमवारी सकाळी जानराव शेताच्या धुऱ्यावर सापडला. मांडीपासून पोटापर्यंत फाटलेला. दोन्ही बार आसपासच्या राखणदारांनी ऐकले होते. अंधार होता, नेम चुकला असेल, असं लोक म्हणाले. इतक्या जवळून जानरावचा नेम चुकतो कसा, असंही एकदोघं म्हणाले, पण हळू. पंजाबरावांनी सरणाची लाकडं दिली, तेराव्याचं धान्य कबूल केलं, सालाचा राहिलेला पगार पुरा देईन म्हणाले. गावानं वाहवा केली.

सुतक पंजाबरावांना नव्हतं, त्यामुळे रविवार चुकला नाही.

वाळूवर दोन्ही फौजा मांडून झाल्या होत्या. तेवढ्यात मंजुळाबाई आत आली. तेरावा व्हायचा होता, अशा दिवसांत बाई घराबाहेर पडत नाही. आणि या बैठकीत तर ती कधीच आली नव्हती. कुणी हटकलं नाही. ती सरळ टेबलापाशी गेली. पदराची गाठ सोडून तिनं एक काडतूस काढलं. जानरावच्या कमरेला उरलेलं, न उडालेलं. त्याच्या तोंडावरची कागदी चकती तिनं नखानं उचकटली आणि ते दोन फौजांच्या मधोमध उपडं केलं.

छर्रे पडले नाहीत. ज्वारी पडली.

उत्तमरावांनी दाणे पाहिले. मग ते पंचवीस शिपाई पाहिले. शिसं कुठून आलं, हे आता त्यांना कुणाला विचारायचं उरलं नव्हतं. त्यांनी हातातले फासे खाली ठेवले.

मंजुळाबाईचा आवाज चढला नाही.

"ज्वारी माह्या हातची हाये, मालक. मीच निवडून देल्ली व्हती. माह्या माणसाले तुम्ही तीन काडतुसं देल्ली. आता या शिपायातले त्याचे तीन कोनते, ते तुम्ही मले निवडून द्या."