लाईन मोकळी ठेवा

चामराजपेटेतल्या लशींच्या कोल्ड स्टोरेजमध्ये श्रीरंगने नवं यंत्र बसवलं. आतलं तापमान जरा वाढलं, की ते आपोआप त्याच्या घरी फोन लावायचं. त्यासाठीच कंपनीने घरी फोन दिला होता. लाईन कायम मोकळी हवी, म्हणून त्याने नागपूरला आईला बजावून ठेवलं होतं, "इथे कोणी फोन करू नका, मीच करत जाईन."

ते मात्र राहूनच जायचं. स्टोअरमधली कानडी माणसं दार उघडं टाकून चहाला जायची, इकडे घंटी खणखणायची, आणि श्रीरंग ताटावरून उठून स्कूटरला किक मारायचा. "स्वल्प उघडं राहिलं, सर," एवढंच तिथे ऐकायला मिळायचं.

शेवटी त्याने दाराला स्प्रिंग लावून घेतली. मग आठवडाभर फोन वाजलाच नाही. सगळं ठीक आहे, या समाधानात तो रविवारी दुपारी आडवा झाला, तोच दारावर थाप पडली. बाहेर नागपूरहून आलेला धाकटा भाऊ उभा होता.

 

"दादा, आईचा ताप आठ दिवस उतरत नाहीये. फोन लावतो म्हटलं, तर म्हणाली, त्याची लाईन अडवू नकोस."